बोटीशिवाय वॉलआय : एरी सरोवराच्या काठावरील प्रकल्प नोंदी, २०२४

१० फेब्रुवारी २०२४

या वर्षभरात एकदाही बोटीत पाय न ठेवता एरी सरोवराचे वॉलआय मासे पकडायचे, मग ते काठावरून असोत, धक्क्यावरून असोत की नदीच्या पात्रात मांडीभर पाण्यात उभे राहून असोत, असा प्रकल्प मी आजपासून हाती घेत आहे. प्रत्येक फेरीची नोंद घरी परतल्यावर त्याच रात्री लिहायची, मासा मिळाला नाही तरी लिहायची, आणि पाण्याचे तापमान, वारा, वेळ व आमिष या चार गोष्टी कधीही गाळायच्या नाहीत, एवढे नियम स्वतःला घालून घेतले आहेत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एरी सरोवराच्या काठच्या क्लीव्हलंडमध्ये मी नऊ वर्षे राहते आहे आणि या नऊ वर्षांत वॉलआयबद्दल ज्याला ज्याला विचारले त्याने बोटीचाच रस्ता दाखवला. त्यात चूक काही नाही, कारण उन्हाळ्यात हे मासे किनाऱ्यापासून कित्येक मैल आत असतात. पण मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी वाढले. बाबांबरोबर जेटीवर गरवायला जाताना होडी हवी असे कधी वाटले नाही, कारण भरतीचे पाणी मासा आमच्या पायाशी आणून सोडत असे आणि आमचे काम फक्त वेळेवर हजर राहण्याचे होते. एरी सरोवराला जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही. तेव्हा इथे मासा काठाला आणणारे दुसरे काय आहे, हा या प्रकल्पाचा खरा प्रश्न आहे.

हिवाळाभर वाचून आणि विचारून जे हाती आले त्यावरून असे दिसते की वॉलआय वर्षातून दोनदा काठाला येतो. मार्च-एप्रिलमध्ये तो अंडी घालण्यासाठी मॉमी आणि सँडस्की या नद्यांमध्ये चढतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात शॅड नावाच्या लहान माशांच्या थव्यांमागे रात्रीच्या वेळी बंदरांच्या भिंतींपर्यंत येतो. वर्षाला दोन भरत्या, असे मी मनाशी मांडून ठेवले आहे. त्यांच्या मधला काळ ओहोटीचा समजायचा.

साहित्य जमले आहे. सात फुटी मध्यम ताकदीचा एक रॉड, दहा पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाइन भरलेले रीळ, छातीपर्यंत येणारे जुने पण न गळणारे वेडर, म्हणजे पाण्यात उभे राहायची जलरोधक विजार, कमरेचा पट्टा, काठी आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर.

९ मार्च २०२४, मॉमी नदी, साइड कट मेट्रोपार्क

घरापासून दोन तासांचा रस्ता. यंदाचा हिवाळा इतका सौम्य गेला की सरोवरावर बर्फ जवळजवळ धरलाच नाही, त्यामुळे मासे लवकर चढतील अशी इथे सगळ्यांचीच अपेक्षा आहे. पाण्याचे तापमान ४३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ६ अंश सेल्सिअस भरले. वॉलआयची चढण साधारण ४२ ते ५२ अंशांच्या दरम्यान रंगते, तेव्हा आपण उंबरठ्यावर आहोत.

मॉमी नदी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरापासून निघून टोलेडोला एरी सरोवराला मिळते. मुखापासून सुमारे पंधरा मैल वर, मॉमी आणि पेरिसबर्ग ही गावे जिथे समोरासमोर आहेत तिथे, पात्र उथळ होते, तळाला चुनखडीचे थर आणि गोटे लागतात आणि पाणी खळाळू लागते. अंड्यांना गाळ चालत नाही, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते, म्हणून मासे नेमके या पट्ट्यात थांबतात. वॉलआय घरटे करत नाही आणि अंड्यांची राखणही करत नाही. मादी गोट्यांवर अंडी सोडते, भोवतीचे नर त्यावर वीर्य सोडतात, आणि अंडी गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात.

इथले वसंतातले नियम कडक आहेत आणि ते मला मनापासून पटले. १ मार्च ते १ मे या काळात सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ मासेमारी करता येते, तिहेरी गळ चालत नाही, एकेरी गळाचे टोक आणि दांडा यांतले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त असता कामा नये, आणि ज्याच्या तोंडाच्या आत गळ लागला आहे तोच मासा ठेवता येतो. पाठीत, पोटात किंवा शेपटीत अडकलेला मासा तत्काळ पाण्यात सोडावा लागतो. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माशांमधून नुसता गळ ओढत नेला तरी मासे अडकतात, आणि तसे करणाऱ्यांना आवरण्यासाठी हे सगळे आहे.

मांडणी अशी : लाइनवर सरकणारी शिशाची गोळी, तिच्याखाली मणी आणि फिरकी, मग दोन फूट पातळ लाइन, आणि टोकाला तरंगणाऱ्या डोक्याचा गळ, ज्यावर वळणदार शेपटीची मऊ प्लॅस्टिकची अळी चढवलेली. शिसे तळाला घासत जाते आणि गळ तळापासून वीतभर वर तरंगतो. प्रवाहाच्या थोडे वरच्या अंगाला टाकायचे, लाइन ताठ ठेवून पाण्याबरोबर वाहू द्यायचे आणि चौथाई वर्तुळ पूर्ण झाले की गुंडाळायचे. दिवसभरात मासा शून्य. गोट्यांत अडकून सहा मांडण्या तुटल्या.

१६ मार्च २०२४, त्याच जागी

तापमान ४७ अंश. पहाटे पोहोचले तेव्हा पात्रात आधीच एका ओळीत माणसे उभी होती, प्रत्येकाच्या मध्ये दोन हातांचे अंतर. अशा ओळीत एक शिस्त असते : सगळ्यांनी एकापाठोपाठ टाकायचे, सगळ्यांच्या लाइनी एकत्र वाहू द्यायच्या, आणि कुणाला मासा लागला की शेजाऱ्याने न सांगता आपली लाइन गुंडाळून वाट द्यायची. दोन तासांनंतर डावीकडच्या वयस्कर गृहस्थांनी माझे शिसे हातात घेऊन पाहिले, मान हलवली आणि आपल्या डबीतून त्याच्या निम्म्या वजनाची गोळी काढून दिली. मी गेल्या खेपेला सहा मांडण्या का गमावल्या ते त्या एका गोळीने समजले. जड शिसे तळाला बसून राहते आणि फटीत घुसते. योग्य वजनाचे शिसे तळावरून टक्, टक्, टक् असे उड्या मारत जाते, आणि तो प्रत्येक टक् रॉडमधून तळहाताला कळतो.

साडेदहाच्या सुमाराला तो टक् मध्येच थांबला. धक्का वगैरे काही नव्हता, ओल्या फडक्यात गळ रुतल्यासारखे फक्त जड झाले. मी मनगट उचलले आणि त्या जडपणाने डोके झटकले. प्रवाहाच्या जोराने तो खाली गेला, मी पायांनी तळ चाचपत दोन पावले मागे सरले, आणि पाच मिनिटांनी १८ इंचांचा एक नर माझ्या हातात होता. पाठ ऑलिव्ह फळासारखी हिरवट, बाजू पितळेच्या भांड्यासारख्या पिवळ्या, पोट पांढरे. पुढच्या पाठपराच्या मागच्या टोकाला काळा डाग आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका : वॉलआय ओळखायच्या या दोन खुणा. पोटावर हलका दाब पडताच दुधासारखे वीर्य आले. कल्ल्याच्या झाकणाची कड कोयत्यासारखी असते हे मला माहीत नव्हते. तर्जनी चांगली अर्धा इंच कापली. पुढच्या वेळी हातमोजा.

दुपारपर्यंत आणखी दोन नर मिळाले. एकाला गळ कल्ल्याच्या बाहेरून लागला होता, तो सोडला. एरी सरोवर आणि त्याच्या नद्यांमध्ये वॉलआय किमान १५ इंचांचा असावा लागतो आणि दिवसाला सहा ठेवता येतात. मी दोन ठेवले.

२३ मार्च २०२४, पेरिसबर्गच्या बाजूने, फोर्ट मेग्ज खाली

या काठावरच्या टेकाडावर १८१३ साली वेढा पडलेला लाकडी किल्ला पुन्हा उभारून ठेवला आहे. तापमान ४८ अंश, पाणी किंचित गढूळ, वारा पश्चिमेचा.

आज मादी मिळाली. २६ इंच. नर लागला की तो लाइन हिसकतो. ही मात्र नदीच्या मधोमध जाऊन थांबली आणि मला वाटले की गळ दगडात अडकला. काठाला आणल्यावर तिचे पोट इतके तट्ट होते की दोन्ही तळहातांत मावेना. अशा मोठ्या मादीच्या पोटात काही लाख अंडी असू शकतात. ती ठेवण्यात नियमाविरुद्ध काही नव्हते. मी ती पाण्यात धरली, तिचे तोंड प्रवाहाकडे केले, आणि तीन-चार वेळा कल्ले उघडमीट झाल्यावर ती हातातून निघून गेली.

रात्री, म्हणजे रत्नागिरीच्या सकाळी, बाबांना फोन केला.

“अगं, चढणीचा मासा तो,” बाबा म्हणाले. “आपल्याकडे पहिल्या पावसाचं पाणी आलं की वहाळातून वर चढतात, तसाच. गाबोळी भरलेली असणार.”

“हो बाबा. तुम्ही असता तर तुम्हीच सांगितलं असतंत, एवढं पोट होतं.”

“मग आणलीस की सोडलीस?”

“सोडली.”

“बरं केलंस. चढणीला सगळा गाव जाळी घेऊन उतरतो आणि मग पुढं वर्षभर म्हणतो, वहाळात मासाच राहिला नाही.”

इथल्या शास्त्रज्ञांचे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते मी डावलत नाही. कोणत्या वर्षी किती पिल्ले जगतात हे मुख्यतः वसंतातल्या हवामानावर ठरते. २००३, २०१५ आणि २०१८ या वर्षांची पैदास अफाट होती आणि सरोवरातला आजचा साठा मोठ्या अंशाने अशाच वर्षांच्या जोरावर उभा आहे. एका बाईने एक मादी सोडल्याने त्या हिशेबात फरक पडत नाही. तरीही या प्रकल्पात वसंतातली मादी ठेवायची नाही, असे मी आज ठरवले.

८ एप्रिल २०२४, मॉमी गाव, काठावरून

गेल्या आठवड्यातल्या पावसाने नदी फुगलेली आणि कॉफीच्या रंगाची आहे. वॉटरव्हिल येथील प्रवाहमापकाचे आकडे मी रोज पाहते आहे आणि आज पात्रात उतरायचे नाही हे घरीच ठरवून निघाले होते. फुगलेल्या मॉमीत माणसे बेटावर अडकतात, पट्टा न बांधलेल्या वेडरमध्ये पाणी भरते, आणि मासा तर अशा वेळी मधल्या जोराच्या धारेत थांबतही नाही. तो काठालगतच्या संथ पाण्यात सरकतो. म्हणूनच चढलेली नदी ही काठावरच्या माणसाला वाईट नसते. वीस फुटांच्या आत टाकून दोन नर मिळाले, दोन्ही काठाच्या बुडालेल्या गवताजवळ.

आज खग्रास सूर्यग्रहण होते आणि सावलीचा पट्टा नेमका इथून गेला. तीनच्या सुमाराला पाण्यावरचा उजेड पितळी झाला, मग करडा, आणि सव्वातीनच्या आत साधारण दोन मिनिटे पूर्ण काळोख पडला. शुक्र लख्ख दिसला. काठावरचे सगळे जण रॉड खाली ठेवून वर पाहत होते, मीही तेच केले. या माशाचे सगळे आयुष्य मंद उजेडाशी बांधलेले आहे, त्यामुळे त्या दोन मिनिटांत पाण्याखाली काय झाले असेल हा विचार मनातून जात नाही. पण माझा गळ त्या वेळी पाण्यात नव्हता, तेव्हा नोंद करण्यासारखे काही नाही.

उद्या गुढीपाडवा. हातांना माशाचा वास आहे, आणि आज रात्री पुरण शिजवायचे आहे.

२० एप्रिल २०२४

तापमान ५६ अंश. चार तासांत एक बारीक नर, सोडला. माद्या अंडी घालून केव्हाच सरोवराकडे परतल्या आहेत, नरही उतरत आहेत, आणि ओळीतली माणसे आता व्हाइट बास या दुसऱ्या माशाची वाट पाहत आहेत. पहिली भरती संपली. सहा फेऱ्या, ठेवलेले मासे आठ.

२२ जून २०२४, ह्युरॉन गावाचा धक्का

पहाटे साडेचार ते नऊ. तापमान ७२ अंश. वॉलआय शून्य, ड्रम मासे चार, एक व्हाइट बास.

धक्क्यावरचा प्रत्येक दिवा, कठडा आणि गाडीची काच मेफ्लाय किड्यांनी झाकलेली होती आणि चालताना पायाखाली ते चुरत होते. सरोवराच्या तळाच्या गाळात यांच्या अळ्या राहतात आणि जूनमध्ये एकदम पंख फुटून वर येतात, इतक्या संख्येने की हवामानाच्या रडारवर ढगासारखे दिसतात. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे १९५०च्या दशकात सरोवराच्या पश्चिम भागातून हे किडे नाहीसे झाले होते आणि १९९०च्या दशकात ते परतले. झाडूने ते लोटणाऱ्या माणसाला त्रास होतो हे खरे, पण त्यांना पाहून मला बरे वाटले. ज्या सरोवराच्या वॉलआयमध्ये १९७० साली पारा सापडून मासेमारीवर बंदी आली होती आणि ज्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीने १९६९ साली पेट घेतला होता, त्याच सरोवराच्या काठी आपण आज हे करत आहोत.

वॉलआय या दिवसांत याच अळ्यांवर चरतो, पण तो आत, खुल्या पाण्यात. माझी फेक तिथपर्यंत पोहोचत नाही.

१७ ऑगस्ट २०२४

गेले नाही. एरी हे उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांतले सर्वांत उथळ सरोवर. पश्चिमेचा भाग सरासरी २४ फूट खोल, मधला ६० फूट. उन्हाळ्यात पश्चिमेचे पाणी तापते तसा मोठा वॉलआय पूर्वेकडे, मधल्या भागाच्या थंड पाण्याकडे निघून जातो. पश्चिमेला हिरवट शेवाळाचे पट्टे उठतात. २०१४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विषामुळे टोलेडोच्या लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले होते. ऑगस्टमध्ये काठावर उभे राहून वॉलआयची वाट पाहणे म्हणजे ओहोटीला जेटीवर बसणे. रीळ उघडून साफ केले आणि तेल घातले.

१२ ऑक्टोबर २०२४, क्लीव्हलंडचा काठ : एजवॉटर आणि ईस्ट ५५वी स्ट्रीट

आज दसरा. सकाळी देवासमोर पुस्तके, लॅपटॉप आणि स्वयंपाकघरातली सुरी यांच्याबरोबर रॉड आणि रीळही पूजेला ठेवले. आमच्या घरी गरी आणि पाग शस्त्रपूजेला असायचे, तेव्हा यात नवीन काही केले असे वाटले नाही.

दुपारी गरवायला नव्हे, जागा पाहायला गेले. रात्रीच्या मासेमारीची जागा दिवसाउजेडी पाहून ठेवलीच पाहिजे. एजवॉटरला दगडांची भिंत पाण्यात गेलेली आहे. कुठला दगड हलतो, कुठल्यावर शेवाळ आहे, मासा लागला तर कुठे उतरून जाळी लावता येईल, हे चालून पाहिले आणि तीन उभे राहण्याच्या जागा ठरवल्या. ईस्ट ५५व्या स्ट्रीटचा मासेमारीचा धक्का लांब, सपाट आणि कठड्याचा आहे. तिथे घसरण्याची भीती कमी, पण पाणी खाली असल्याने लांब दांड्याची जाळी हवी.

भिंतीच्या सावलीत शॅडचे थवे दिसले. पाण्याच्या पृष्ठभागावर पावसाचे थेंब पडावेत तशी त्यांची हालचाल असते. सरोवर थंड होऊ लागले की हे मासे बंदरांच्या आडोशाला आणि जरा उबदार पाण्याला गोळा होतात. आमिष काठाला आले आहे, म्हणजे दुसरी भरती लागली आहे.

२६ ऑक्टोबर २०२४, एजवॉटर

रात्री ८ ते ११. तापमान ५९. वारा नैर्ऋत्येचा, पाणी सपाट आणि काचेसारखे स्वच्छ. शून्य. शेजारचे दोघेही रिकाम्या हाताने गेले. पाणी अजून उबदार आहे.

९ नोव्हेंबर २०२४, एजवॉटर

तापमान ५३ अंश, वारा पश्चिमेचा, पाण्याला हलकी लाट आणि किंचित धूसर रंग. संध्याकाळी सहा ते दहा.

आमिष म्हणजे १४ सेंटिमीटरचा रपाला कंपनीचा हस्की जर्क नावाचा नकली मासा, निळ्या पाठीचा आणि चंदेरी पोटाचा. हे आमिष पाण्यात थांबवले तर वर येत नाही आणि बुडतही नाही, जिथे थांबले तिथेच लटकते. थंड पाण्यातला वॉलआय पाठलाग करत नाही. तो मागे येतो, थांबतो, पाहतो, आणि समोरचा मासा गोंधळून थांबला आहे असे वाटले की गिळतो. म्हणून रीळाचे चार फेरे, मग थांबायचे, मनात पाचपर्यंत मोजायचे, मग पुन्हा चार फेरे. ऑक्टोबरमध्ये मी दोनपर्यंतच मोजत होते. आज शेजाऱ्याचे पाहून पाच केले.

साडेसातला, थांबलेल्या क्षणी, लाइन सैल झाली. ओढले गेल्याचे काहीच जाणवले नाही, लाइनमधला ताणच गेला, कारण मासा आमिष घेऊन माझ्याच दिशेने पोहत होता. मी भराभर गुंडाळले, वजन लागले, आणि मग त्याने तळाकडे बुडी घेतली. दगडांपाशी आल्यावर डोक्यावरचा दिवा लावला आणि पाण्यात दोन पांढरे डोळे पेटले.

या डोळ्यांसाठीच त्याचे नाव पडले आहे. शास्त्रीय नाव सँडर विट्रियस, आणि विट्रियस म्हणजे काचेसारखा. दृष्टिपटलाच्या मागे परावर्तक थर असतो, आत आलेला उजेड त्यावर आपटून दुसऱ्यांदा पटलातून जातो, आणि त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा रात्री तो जे पाहतो ते शॅडला दिसत नाही. गायीचे, मांजराचे डोळे अंधारात चमकतात त्याच कारणाने. माझ्या शोधाचे उत्तर या थरात आहे असे आता मला वाटते. दिवसा स्वच्छ पाण्यात शॅड त्याला दुरून पाहू शकतो, रात्री भिंतीलगत मात्र पारडे त्याच्या बाजूने झुकते, आणि म्हणूनच तो अंधार पडल्यावर उथळात, माझ्या फेकीच्या टप्प्यात येतो. एवढ्यासाठीच दिवा सतत लावून ठेवायचा नाही आणि पाण्यावर तर मुळीच मारायचा नाही. जाळी लावायच्या वेळेपुरता, तोही तांबडा.

२५ इंच. नंतर ९ वाजता २२ इंचांचा. वसंतातल्या नरांपेक्षा हे मासे जाडजूड आहेत, कारण हिवाळ्यासाठी खाऊन ते भरलेले असतात. ओहायोचा विक्रमी वॉलआय, १६.१९ पौंडांचा, १९९९ साली नोव्हेंबरातच एरी सरोवरात मिळाला होता.

१५ नोव्हेंबर २०२४, एजवॉटर

त्रिपुरी पौर्णिमा, पण चंद्र ढगांआड. तापमान ५१. एक मासा, २३ इंच, आणि एक अपघात. मासा जाळीत घेताना मी ठरवलेल्या तीन जागा सोडून चौथ्याच दगडावर पाय दिला, तो ओला होता, आणि मी गुडघ्यावर आपटून मांडीपर्यंत पाण्यात गेले. शेजारच्या मुलाने हात दिला. गुडघा सुजला आहे, बाकी काही नाही. बुटांना लावायचे लोखंडी खिळ्यांचे पट्टे घरी पिशवीत होते. एकटीने रात्री भिंतीवर जायचे नाही आणि खिळ्यांशिवाय दगडांवर चढायचे नाही, हे दोन नियम आज वाढवले.

३० नोव्हेंबर २०२४

थंड वारा सरोवराच्या अजून उबदार असलेल्या पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. क्लीव्हलंडच्या पूर्वेला अ‍ॅश्टाब्युला परिसरात फुटांनी बर्फ पडते आहे. भिंतीवर आज कुणी नसावे. उत्तरेचा वारा असेल तेव्हा लाट थेट धक्क्यावर चढते आणि तळ ढवळून पाणी चिखलाचे होते, मग दोन-तीन दिवस मासा मिळत नाही. काठावरच्या माणसासाठी वारा हे भरतीचे वेळापत्रक आहे : दक्षिण किंवा नैर्ऋत्येचा असेल तर निघायचे, उत्तरेचा असेल तर घरी गाठी बांधायच्या. बारा गाठी बांधल्या.

८ डिसेंबर २०२४, ईस्ट ५५वी स्ट्रीट

तापमान ४२ अंश. मॉमीला मार्चमध्ये सुरुवात केली तेव्हा पाणी जवळपास असेच होते. वारा नैर्ऋत्येचा. संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. बरोबर शेजारीण आली होती, तिने जाळी धरली.

थांबण्याची मोजणी आता दहापर्यंत नेली आहे. रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होते आणि दर तीन फेकींनंतर ते बोटांनी काढावे लागत होते. आठ वाजता २७ इंचांचा मासा लागला, या वर्षातला सर्वांत मोठा. कठड्यापासून पाणी खोल असल्याने जाळीचा दांडा पुरेपूर लागला. त्यानंतर २० इंचांचा एक मिळाला. मोठा सोडला. इतक्या जुन्या माशात पारा आणि इतर द्रव्ये अधिक साठलेली असतात, आणि पोटात पुढच्या वसंताची अंडी तयार होत आलेली असतात. खाण्यासाठी वीस इंचांचाच योग्य.

वर्षाचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मांडला आहे. नदीतले आठ आणि धक्क्या-भिंतीवरचे चार, मिळून बारा मासे ठेवले. उन्हाळ्यातला एकही नाही. शरदात जितक्या रात्री पश्चिम किंवा नैर्ऋत्येच्या वाऱ्यात नोव्हेंबर लागल्यानंतर गेले, त्यातली एकही रिकामी गेली नाही. रात्री मोजक्याच आहेत, तेव्हा एवढ्यावर फार भरवसा ठेवायचा नाही, पुढच्या वर्षी तपासायचे.

वॉलआयचे मांस पांढरे, घट्ट आणि काट्यांना कमी असते आणि त्याला उग्र वास नसतो. त्यामुळे तो मसाला लवकर घेतो, आणि फार मसाला त्याला सोसत नाही. पहिल्यांदा मी सुरमईइतके तिखट लावले होते आणि मासाच हरवला होता. आज तुकड्यांना फक्त मीठ, हळद, आगळ आणि थोडे आले-लसूण लावून अर्धा तास ठेवले, वरून तांदळाचे पीठ आणि बारीक रवा, आणि बिडाच्या तव्यावर कमी तेलात दोन्ही बाजूंनी भाजले. शेजारणीने तीन तुकडे खाल्ले आणि आगळाची बाटली उचलून त्यावरचे नाव वाचायचा प्रयत्न केला.

बाबांना २७ इंचांच्या माशाचा फोटो पाठवला. त्यांचे उत्तर आले, “पाय सुकलेत का? आधी ते बघ.” वेडर उलटे करून बाथरूममध्ये टांगले आहेत. डाव्या गुडघ्याजवळ शिवणीतून पाणी झिरपते आहे. मार्चच्या आधी तिथे ठिगळ लावायचे आहे.